सागवानी खुराडं

कुणी काही फेकून दिलेलं दिसलं की माझ्या जावयाचा चेहरा उजळतो. भुकेल्या माणसापुढे वाढलेलं ताट यावं तसा. तो ऑफिसांमधली झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करत फिरतो. बाकीची माणसं कामावरून येताना भाजी आणतात, हा मोडक्या फिरत्या खुर्चीचा सांगाडा आणतो. "बाबा, टाकूनच देणार होते," असं वर सांगतो, जणू काही लढाई जिंकून आणलाय. टाकून देणार होते कारण त्यांना अक्कल होती, असं मी म्हणतो. मनात नाही, तोंडावर. तो हसतो. त्याचं ते हसणंच माझ्या डोक्यात जातं. पाणउतारा कळू नये इतका हा माणूस भोळा आहे, की कळूनही सोडून देण्याइतका बेरकी, हे मला तेरा वर्षांत ठरवता आलेलं नाही.

मी सुतार. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दुकान बंद केलं आणि लेकीच्या घरी पुढच्या खोलीत राहायला आलो, पण सुतार तो सुतारच. चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या. दार बसवून झालं की गिऱ्हाइकाच्या हातात पोस्टकार्ड द्यायचो आणि म्हणायचो, आता हे कुठूनही आत सरकवून दाखवा. एकालाही जमलं नाही. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत, लेकीच्या परसात, या जावयानं कोंबड्यांच्या सावलीसाठी जे उभं केलं होतं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मांडव म्हणावं तर मांडवाचा अपमान.

चार कोपऱ्यांना चार तऱ्हा. एका कोपऱ्याला नळाचा गंजका पाइप, दुसऱ्याला कोट अडकवायची लाकडी खुंटाळी, तिसऱ्याला अर्धी शिडी आणि चौथ्याला पेरूचं झाड, जे बिचारं आधीपासून तिथं होतं. वर दातांच्या दवाखान्याचा जुना फ्लेक्स, छापील बाजू खाली करून. म्हणजे खाली वाकून बघावं तर डोक्यावर एक अवाढव्य हसरा जबडा, एकेक दात पाटाएवढा. फ्लेक्सच्या वर वीतभर जागा सोडून गोणपाट. पश्चिमेला कुठल्याशा ऑफिसचे उभ्या पट्ट्यांचे पडदे, त्यातल्या निम्म्या पट्ट्या गळालेल्या. अंडी घालायला फ्रिजमधले भाजीचे ट्रे. वारा एकीकडून शिरायचा आणि दुसरीकडून निघून जायचा, काहीही अडवत नव्हतं. आणि त्या जबड्याखाली नऊ कोंबड्या दिवसभर माती अंगावर उडवत पडलेल्या असायच्या.

हे सगळं त्यानं एकदम केलं नव्हतं, वर्षभर करत होता. एकेक तुकडा आणायचा, बांधायचा आणि सुट्टीच्या दिवशी भर दुपारी स्वतः खाली जाऊन तासभर बसायचा. घाम किती येतो ते बघायला. मग उठून गोणपाट चार बोटं वर घ्यायचा, पुन्हा बसायचा. कोंबडीच्या जागी जाऊन बसणारा जावई मिळायला नशीब लागतं, असं मी शेजारच्या शिंप्याला सांगितलं होतं. शिंपी पोट धरून हसला होता.

आता कोंबड्यांविषयी. कोंबडी हा प्राणी मला कधी आवडला नाही. डोळा एकीकडे, मान दुसरीकडे, आणि डोक्यात काहीच नाही. पण घरात हे बोलायची सोय नव्हती, आणि त्याला कारण होतं.

माझी लेक अठरा वर्षं बालवाडीत शिकवायची. जागेच्या मालकाला इमारत पाडायची होती, बालवाडी महिन्याभरात बंद झाली. पहिले काही दिवस ती घर आवरत राहिली. डबे घासले, कपाटं लावली. मग एके दिवशी आडवी झाली ती उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून चार महिने. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मी तिच्या उशाशी बसून "उठ गं, अशानं कसं चालेल," म्हणायचो. याहून वेगळं काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. आणि मग या जावयानं झेरॉक्सच्या शाईच्या खोक्यात घालून बारा पिल्लं आणली आणि तिच्या खाटेखाली ठेवली. मी त्याला वेडा म्हणालो. दोन दिवस पिल्लांनी किलबिलाट करून घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली आणि म्हणाली, "यांना कुणी पाणी दाखवलंय की नाही?" तेव्हापासून ती उठली.

पुढे ती त्यांची रोज संध्याकाळी हजेरी घ्यायला लागली. मागच्या पडवीत कोंडण्याआधी एकेकीचं नाव घेऊन. मॉनिटर, ढब्बू, रडूबाई, चुगलखोर, उशिरा येणारी ती लेटलतीफ. बालवाडीच्या बाईंचा तो आवाज मला पुढच्या खोलीत ऐकू यायचा आणि मी कोंबड्यांना मनातल्या मनात सगळं माफ करायचो. मनातल्या मनातच.

गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या तीन एका दुपारी मेल्या. तेव्हा जावयानं वर पत्रा टाकला होता, पत्रा तापला. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. नऊ दिवस. दहाव्या दिवशी उठली तेव्हा चेहरा असा होता की तिच्याकडे बघवत नव्हतं. जावयानं पत्रा कोंबड्या मेल्या त्याच दिवशी काढला आणि मघाशी सांगितलेलं ते भंगार जमवायला लागला. माझ्या मते पत्र्याहून वाईट गोष्ट शोधायला त्याला एक वर्ष लागलं.

यंदा ऊन लवकर चढायला लागलं. एका सकाळी ती त्या जबड्याखाली उकिडवी बसून कोंबड्यांना कलिंगडाच्या साली घालत होती. मी पायरीवर होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, या वेळी एक जरी गेली ना, तर पुन्हा उठायचं माझ्यानं नाही होणार."

मी म्हणालो, "जाणार नाही."

आणि त्याच आठवड्यात दारं आली.

एक जुना दवाखाना पाडत होते. तिथल्या ठेकेदाराचं मशीन जावयानं दुरुस्त करून दिलं आणि बदल्यात टेम्पोत घालून सहा दारं आणली. "बाबा, बघा तर," म्हणाला. मी नेहमीप्रमाणे तोंड वाकडं करूनच उठलो. रंगाचे चार थर होते, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा, मग कसलासा पिवळा. मी पटाशीनं कोपरा खरवडला आणि माझा हात थांबला. सागवान. जुनं, भरलेलं, एकसंध सागवान, आज शोधूनही मिळणार नाही असं. हा गाढव त्यांचं झोपडीसारखं छप्पर करायच्या गोष्टी करत होता. "दोन दारं तिरकी टेकवली की झालं," म्हणे.

"जावईबापू," मी म्हणालो, "हात लावायचा नाही. याचं खुराडं मी करणार."

सव्वीस दिवस मी काम केलं. गुडघ्यांखाली उशी घेऊन रंधा मारला. रंग उतरवला, खिळे एकेक करून उपसले, जुनी भोकं लाकडाच्याच खुंट्यांनी बुजवली. हत्यारांच्या पेटीला वर्षभर हात लावला नव्हता. पटाश्यांना धार लावताना मला किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. सांधे असे बसवले की नख शिरणार नाही. छपराला दोन अख्खी दारं आडवी घातली आणि पाणी मुरू नये म्हणून वरून डांबराचे दोन हात दिले. जावई संध्याकाळी घरी आला की फळ्या धरायला उभा राहायचा. धरायचंही त्याला धड येत नाही.

एकदा फळी धरल्याधरल्या म्हणाला, "बाबा, छपराखाली चारी बाजूंनी हातभर मोकळं सोडूया का? जाळी ठोकू. गरम हवा वर जाते, तिला निघायला जागा नको का?"

"जावईबापू, मशीन तुमचं, लाकूड माझं."

"नाही, म्हणजे मशीनमध्येसुद्धा हवेला वाट ठेवावीच लागते. नाहीतर आतल्या आत तापतं आणि कागद अडकतो."

"यात कागद घालणार आहात की कोंबड्या?"

तो हसला. नेहमीचंच.

लेकीनं एकदाच विचारलं, "बाबा, आत हवा खेळेल ना?" मी तिला खिडकी दाखवली. वीतभर लांब, वीतभर रुंद, बारीक जाळीची, चौकटीला सुंदर गोलाई दिलेली. ती म्हणाली, "एकच?" मी म्हणालो, "तुझ्या खोलीला किती आहेत?" पण त्या रात्री जेवताना ती स्वयंपाकघरात नवऱ्याला हळू आवाजात सांगत होती ते मला ऐकू आलं. "करू दे रे त्यांना. किती दिवसांनी रंधा हातात घेतलाय. खुशीत आहेत." म्हणजे मी यांना लहान मूल वाटत होतो, ज्याच्या हातात खुळखुळा दिला की ते रडत नाही. मला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी मी दाराच्या कडेवर आणखी दोन वेळा रंधा फिरवला आणि मग पोस्टकार्ड घेऊन बघितलं. कुठूनही शिरलं नाही.

खुराडं तयार झालं तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. असलं काम मी माणसांच्या घरातही फार वेळा केलेलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता हे खरं. राहणाऱ्यांची लायकी काय आणि घर काय. आत बसायला गोल दांडे, अंड्यांसाठी तीन कप्पे, पितळी कडी. लेकीनं हात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, किती देखणं झालंय." जावयानं मोबाइलवर फोटो काढले.

कोंबड्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

पहिल्या दिवशी मी आत दाणे टाकले. मॉनिटर नावाची ती लाल कोंबडी उंबऱ्यापर्यंत आली, मान वाकडी करून आत डोकावली आणि परत फिरली. तिच्यामागे बाकीच्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या सागवानापासून दहा पावलांवर नऊच्या नऊ त्या फाटक्या जबड्याखाली पाय पसरून पडलेल्या. मी कलिंगड ठेवलं, काकडी ठेवली, पाण्याचं भांडं आत हलवलं. त्या तहानेल्या राहिल्या, पण आत गेल्या नाहीत. लेक म्हणाली, "होईल सवय हळूहळू, घाई नका करू." जावई काही म्हणाला नाही. त्याचं न बोलणं मला जास्त झोंबलं.

शिंप्याला तर आयता विषय मिळाला. कमरेएवढ्या भिंतीवर कोपरं टेकून तो रोज चौकशी करायचा. "काय मिस्त्री, आज कुणी भाडेकरू?" आठव्या दिवशी म्हणाला, "मूर्ख घरं बांधतात आणि शहाणे त्यात राहतात, असं ऐकलं होतं. तुमच्या घरात राहायला तर शहाणेही मिळेनात, मिस्त्री." आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. हसावं लागलं.

त्यानंतर चारच दिवसांनी तो दिवस आला. सकाळी आठला जावई कामावर गेला. दहापासूनच झळा लागायला लागल्या होत्या. लेकीला मुलाखतीचा निरोप आला होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी बालवाडी निघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं इस्त्रीचे कपडे घातले. अकरा वाजता निघताना तिनं परसात जाऊन कोंबड्यांच्या भांड्यात गार पाणी भरलं, गोणपाटावर बादलीभर पाणी ओतलं आणि मला म्हणाली, "एक वाजता अजून एक बादली ओताल ना? विसरू नका हं."

ती गेल्यावर मी पायरीवर बसून त्या नऊ जणींकडे बघत होतो. ओल्या गोणपाटाखाली डोळे मिटून पडल्या होत्या, जन्मभराचं सुख मिळाल्यासारख्या. आणि पलीकडे माझं सव्वीस दिवसांचं काम रिकामं. माझ्या मनात आलं, सवय अशी लागत नसते, लावावी लागते. पोरांना शाळेची सवय कशी लागते? आत ढकलून, दार लावून. थोडा वेळ रडतात, मग बसतात. घरी कुणी नाही, आजच लावू. ती घरी येईल तेव्हा नऊच्या नऊ माझ्या खुराड्यात दांड्यावर ओळीनं बसलेल्या दिसतील.

एकेकीला पकडताना माझा घाम निघाला. लेटलतीफनं मनगटावर टोच मारली. शेवटची आत टाकली, दार लोटलं. ते किती अलगद बसलं, जराही आवाज नाही. कडी लावली. आतून पंखांची फडफड आणि कलकलाट. कोकला, म्हणालो, हळूहळू गप्प व्हाल. पंधरा-वीस मिनिटांत गप्प झाल्याही. मी स्वतःवर खूश होतो. आत येऊन जेवलो आणि पंख्याखाली जरा पडलो.

बादलीची वेळ कधी टळली मला कळलं नाही. जाग आली ती जावयाच्या आवाजानं. एक सुटा भाग घरी विसरला म्हणून तो मधूनच आला होता आणि परसातून ओरडत होता, "बाबा! बाबा, पाणी आणा, लवकर!"

मी बाहेर आलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि तो गुडघ्यांवर बसून आत खांद्यापर्यंत हात घालून एकेकीला बाहेर काढत होता. दाराजवळ गेलो तर आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. छपराच्या डांबराला हात लागला आणि चटका बसला. कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या, पंख अंगापासून लांब धरलेले, माना लुळ्या. मॉनिटर खिडकीच्या जाळीला चोच लावून पडली होती. ती मेलेली होती. ढब्बू तिच्या अंगाखाली, तीही.

मी पाण्याची बादली आणली. पुढचं सगळं त्यानं केलं. परातीत पाणी ओतून एकेकीला पाय बुडतील, छाती भिजेल अशी उभी धरली. बर्फ घालू का, असं मी विचारलं तर म्हणाला, "नको बाबा, एकदम गार नको, साधंच पाणी." चमच्यानं चोचीत थेंब सोडले. मग उचलून त्या जबड्याखाली सावलीत ठेवल्या, गोणपाट भिजवलं, एका पुठ्ठ्यानं वारा घातला. धांदल नाही, आरडाओरडा नाही. तेरा वर्षांत मी त्याला एखादं काम करताना नीट बघितलंच नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि ते वाटलं म्हणून मला त्याचा आणखी राग आला. तासाभरात सातही जणी माना सावरून उभ्या राहिल्या. दोन राहिल्या नाहीत.

त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. दार कुणी लावलं, का लावलं, काही नाही. दोघी मेलेल्यांना त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून पायरीशी ठेवलं. मग हात धुताधुता म्हणाला, "ती येईल इतक्यात. तुम्ही काही बोलू नका, बाबा. मी बघतो."

मी मान हलवली. मान हलवली मी! ज्याला उभ्या जन्मात एक खिळा सरळ ठोकता आला नाही, त्याच्या पदराआड मी लपलो, आणि वर मनाला सांगितलं की हे लेकीसाठी चाललंय. ती पुन्हा आडवी होईल. बापाच्या हातून झालं हे कळलं तर कधीच उठणार नाही. नवऱ्याच्या हातून झालं तर निदान नऊ दिवसांनी उठेल, गेल्या वर्षी उठली तशी. शिवाय शिव्या खायची त्याला सवय आहे, तेरा वर्षं मीच लावलीय. असा सगळा हिशेब माझ्या डोक्यात तयार होता.

चारला ती आली. फाटकातूनच तिचा आवाज आला, "बाबा, मिळाली! पुढच्या महिन्यापासून—" आणि परसाच्या दारात येऊन थांबली. तिनं आधी कोंबड्या मोजल्या. मग पायरीशी ठेवलेलं वर्तमानपत्र बघितलं. खाली बसली, उलगडलं, दोघींकडे बघितलं आणि परत नीट गुंडाळलं.

"माझं चुकलं," जावई म्हणाला. "सकाळी जाताना खुराड्याचं दार माझ्याकडून लागलं. आत आहेत हे बघितलंच नाही."

मी पेरूच्या झाडाकडे बघत होतो. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. या शहाण्याला साधं खोटंसुद्धा धड जोडता येत नव्हतं.

"तू आठला गेलास," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अकराला मी निघाले तेव्हा नऊच्या नऊ बाहेर होत्या. मी पाणी दिलं त्यांना."

मग ती माझ्याकडे वळली आणि फक्त, "बाबा?" म्हणाली.

मला सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. तिनं वाट बघितली, बराच वेळ बघितली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. मी म्हणालो, "खिडकी उघडी होती."

तिनं माझ्याकडे बघितलं. ओठाचा एक कोपरा किंचित खाली, भुवई जराशी वर, आणि डोळ्यांत राग नाही, दुःखही नाही. समोरचा माणूस रागवायच्याही लायकीचा नाही, असं काहीतरी. तो चेहरा मला अनोळखी नव्हता. तेरा वर्षं जेवणाच्या टेबलावर समोरच्या माणसाला मी तोच दाखवत आलो होतो. दुसऱ्या बाजूनं तो कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, एवढंच.

मला वाटलं, आता ही आत जाणार. जावयालाही तेच वाटलं असणार, कारण तो दोन पावलं तिच्याकडे सरकला, खांद्याला धरायला हात पुढे करून.

"हात लावू नको," ती म्हणाली. "मी पुन्हा झोपेन म्हणून घाबरलात ना दोघं? म्हणून नाटकं करताय? मी काचेची आहे का?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. "दोघी गेल्या. त्यांच्यासाठी रडेन मी, मला रडायचं तेव्हा. पण मला सांभाळायचं नाही. आणि तू," ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्याशी खोटं बोलायचं नाही. यांच्यासाठी तर नाहीच नाही."

यांच्यासाठी. मी तीन हातांवर उभा होतो.

"मीच लावलं," मी म्हणालो. "सवय लागावी म्हणून. आणि झोपलो."

"माहितीये," ती म्हणाली. त्यापलीकडे काही नाही. एवढं बोलायला मला लागलेला जोर तिच्या खिजगणतीतही नव्हता. ती अडगळीच्या खोलीत गेली, कुदळ घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली. "त्या भिंतीपाशी. खोल घ्या, कुत्री उकरतात."

जमीन दगडासारखी झाली होती. पहिल्या घावाला कुदळ उडाली आणि गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. शिंपी भिंतीपलीकडे आला, कोपरं टेकली, आमच्याकडे बघितलं आणि न बोलता निघून गेला. मी घाव घालत राहिलो. हातभर जागा टोकरायला मला इतका वेळ लागला की ऊन भिंतीवरून उतरलं. मध्येच बसलो, पुन्हा उठलो. ती पायरीवर उभीच होती, मुलाखतीच्या त्याच कपड्यांत, काखेत लेटलतीफला धरून.

जावयाला बघवलं नाही. तो पुढे आला आणि त्यानं कुदळीसाठी हात केला. "द्या बाबा," म्हणाला, "मी घेतो."

मी कुदळ सोडणारच होतो.

"त्यांनाच खणू दे," ती म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला. मी खणायला लागलो.